जुना मॉनिटर वाईला येणार नाही

ती. आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "चालू मॉनिटर बदलायचा कशाला?" हा तुमचा प्रश्न आणि "बदललाच आहेस तर जुना इकडे पाठवून दे" ही आईची सूचना, दोन्हींचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. फोनवर तुम्ही किंमत ऐकता आणि पुढचं काही ऐकत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

जुना चालू होता हे खरं. पण उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली होती. एक्सेल उघडलं की ती कॉलमची रेघच वाटायची, आणि मी नसलेल्या कॉलमच्या कडेशी आकडे जुळवत बसायचे. पांढरा रंग पिवळट पडला होता. शिवाय त्याचं पॅनेल टीएन जातीचं. समोर ताठ बसलात तर ठीक, जरा घसरून बसलात की वरचा भाग काळवंडतो आणि रंग भलतेच दिसतात. दिवसभर ऑफिसचं काम त्याच्यावर, संध्याकाळी गेमही त्याच्यावर. बँकेत असताना खुर्चीसाठी तुम्ही मॅनेजरशी किती दिवस वाद घातला होतात, आठवतंय ना? माझं प्रकरण त्याच जातीचं आहे.

आता काय घेतलं ते सांगते. २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा (म्हणजे एवढ्या ठिपक्यांचा), १६५ हर्ट्झचा मॉनिटर, आयपीएस जातीचा, म्हणजे कडेने पाहिलं तरी रंग न बिघडणारा. दुकानात एवढ्या पिक्सेलच्या पडद्याला सरसकट 'टू-के' म्हणतात. किंमत वीस हजारांच्या आसपास. (बसलात ना खाली? बरं.) जीएसटी कमी झाल्याचा फायदा मिळाला का, असं तुम्ही विचारणारच. नाही मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांहून मोठे मॉनिटर. त्याहून लहानांवर २०१९ पासून १८ टक्केच आहे.

एवढ्या नावांतून हाच का, तर त्याचं गणित सोपं आहे. जुन्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल होते, या नव्यावर ३६.९ लाख आहेत, आणि फोर-केवर ८२.९ लाख असतात. गेम खेळताना यातला प्रत्येक पिक्सेल ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या चित्र काढणाऱ्या भागाला, सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने रंगवावा लागतो. माझं कार्ड आरटीएक्स ३०६०. टू-केला ते पुरतं, फोर-केला मोठ्या गेममध्ये त्याला धाप लागते. म्हणजे फोर-के घेतला असता तर पाठोपाठ कार्डही बदलावं लागलं असतं, आणि मग तुमचा प्रश्न खरोखरच रास्त ठरला असता. एक्सेलमध्ये मात्र टू-केचा फायदा पहिल्याच दिवशी कळला. विंडोजमधलं अक्षरांचं सेटिंग तेच ठेवून रुंदीत एक तृतीयांश कॉलम जास्त मावतात.

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १६५ ला साधारण ६ मिलिसेकंदांनी. आई, तू ज्याला 'ठ्यां-ठ्यां' म्हणतेस त्या व्हॅलोरंट या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमचा सर्व्हर मुंबईतच आहे, त्यामुळे पुण्यातून खेळताना इंटरनेटचा उशीर थोडाच असतो. कोपऱ्यातून डोकावणारा माणूस आता आधी दिसतो, म्हणून मी फार जिंकायला लागलेय असं नाही. पण माउस फिरवताना चित्र फाटल्यासारखं किंवा धूसर दिसायचं ते गेलं. जड गेममध्ये कार्ड कधी सत्तर चित्रं देतं, कधी पन्नास. तेव्हा मॉनिटरने आपली गती कार्डाच्या गतीशी जुळवून घ्यायची सोय लागते. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने ती आणली, नंतर एएमडीने फ्रीसिंक आणलं, आणि आता मध्यम किमतीच्या मॉनिटरमध्येही ती मिळते. माझ्या मते हर्ट्झच्या आकड्यापेक्षा हिचं मोल जास्त आहे, पण खोक्यावर ही बारीक अक्षरात आणि आकडा मोठ्या अक्षरात.

खोक्यावरच्या बाकीच्या बढायांकडे मी काणाडोळा केला. '१ एमएस' (ठिपक्याला रंग बदलायला एक मिलिसेकंद) हा आकडा बऱ्याचदा पडद्याच्या सगळ्यात ताणलेल्या सेटिंगला मोजलेला असतो. त्या सेटिंगला हलत्या वस्तूमागे पांढरट सावली उमटते. 'एचडीआर ४००' म्हणजे पडदा थोडा जास्त उजळ होतो, एवढंच. काळ्या भागामागचा दिवा वेगळा मंद करायची सोय त्यात असावीच लागते असं नाही. ओएलईडीचा, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या पडद्याचा, काळा रंग पाहून मात्र मी दुकानात दोन मिनिटं गप्प उभी राहिले, हे कबूल. पण त्याची किंमत दुपटीहून पुष्कळ जास्त, आणि माझ्या पडद्यावर दिवसभर तोच टास्कबार आणि त्याच एक्सेलच्या रेघा असतात. एकाच जागी कायम राहणाऱ्या चित्राचा ठसा ओएलईडीवर कालांतराने उमटू शकतो. नुसता सिनेमा बघणाऱ्याने खुशाल घ्यावा.

दुकानात प्रत्येक पडद्यावर निळा समुद्र नाहीतर पोपट चालू असतो. त्यावरून काही कळत नाही, सगळेच पोपट सुंदर. म्हणून मी पेनड्राइव्हवर एक हिशेबाचा तक्ता आणि आईने मागे पाठवलेल्या प्रुफाचं एक पान नेलं होतं. दुकानदार आधी हसला, मग त्यानेच उत्सुकतेने तीन मॉनिटरवर ते पान उघडून दाखवलं. खोकं फोडल्यावर पडदा काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असा करून एखादा मेलेला पिक्सेल आहे का तेही तिथेच पाहून घेतलं. कारण एक-दोन ठिपके मेलेले निघाले तर कंपनी बदलून देईलच असं नसतं. वॉरंटीच्या अटींत किती ठिपक्यांपासून दोष धरायचा ते लिहिलेलं असतं.

घरी आणल्यावरचं काम केबलचं. माझा गेमचा कॉम्प्युटर डिस्प्लेपोर्टने जोडला, ऑफिसचा लॅपटॉप एचडीएमआयने. मॉनिटर १६५ चा असला तरी विंडोज तो बरेचदा ६० वरच चालवतं. सेटिंगमध्ये जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. हे न केल्यामुळे वर्षानुवर्षं साठावरच खेळणारे लोक माझ्या ओळखीत आहेत.

आई, डोळ्यांचं. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घे असं तू तीनदा सांगितलंस. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, कॉम्प्युटरसाठी असा चष्मा लावायची शिफारस करत नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं, हा त्यांचाच सल्ला. आणि पडद्याचा उजळपणा खोलीतल्या उजेडाइतका ठेवायचा. शेजारी कोरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा भगभगला तर कमी करावा, कागदापेक्षा काळपट दिसला तर वाढवावा.

आता मुद्द्याचं. जुना मॉनिटर मी वाईला पाठवणार नाही. शहरात जुनं झालं की गावच्या घरी, अशी आपल्याकडची रीत आहे. आपल्या माळ्यावरचे दोन मिक्सर आणि तो टेपरेकॉर्डर त्याच रीतीने आले. पण डोळ्यांच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. माझे डोळे पस्तिशीचे आहेत, ते खपवून घेतात. तुमचे सत्तरीला आले.

तुमच्या टेबलावरचा साडेअठरा इंची मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा आहे, म्हणजे जेमतेम साडेदहा लाख पिक्सेल. तोही निळ्या टोकाच्या, दोन स्क्रूंच्या व्हीजीए केबलवर, जिच्यातून चित्र आणखी मऊ होऊन येतं. इंग्रजी आकड्यांना ते एक वेळ चालतं, म्हणून बाबांच्या पतपेढीच्या हिशेबात कधी तक्रार आली नाही. देवनागरीचं तसं नाही. रेघेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि रकार. त्यात 'द्ध' आणि 'द्ध्य', 'ष्ट' आणि 'ष्ट्र'. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं तर त्या पडद्यावर अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा ठिपका येतो, आणि उकार पहिला की दुसरा ते अंदाजाने ठरवावं लागतं. आई, गेल्या वर्षी दिवाळी अंकाची प्रुफं तू पान दोनशे टक्के मोठं करून वाचत होतीस आणि दर ओळीला पडदा डावीकडून उजवीकडे सरकवत होतीस. मग ओळ चुकायची, मग पुन्हा मागे. मराठी विश्वकोशाचं काम जिथे चालतं त्या वाईत राहून प्रुफं अशी वाचायची, हे मला पटत नाही.

म्हणून तुमच्यासाठी नवा घ्यायचा, आणि तो माझ्यासारखा नको. मला वेग हवा होता, तुम्हाला बारीकपणा हवा. २७ इंची फोर-के, ६० हर्ट्झ, आयपीएस. गेमिंगचं नाव नसल्यामुळे तो साधारण माझ्याच किमतीत बसतो, थोडा इकडे-तिकडे. बाबांच्या बुद्धिबळाला आणि आईच्या सॉलिटेअरला ६० हर्ट्झ रग्गड झाले. विंडोजमध्ये अक्षरं २०० टक्क्यांवर ठेवली की ती बारीक न होता सुबक होतात, छापल्यासारखी. २७ इंची पडद्याची उंची ३३.६ सेंटिमीटर आणि ए-फोर कागदाची २९.७. म्हणजे टूलबार लपवला की प्रुफाचं अख्खं पान मूळ आकारात दिसतं, आणि शेजारी दुसरंही मावतं. डावीकडे लेखकाचं हस्तलिखित, उजवीकडे प्रूफ. आयपीएस असल्यामुळे दोघं शेजारी बसून नातवाला व्हिडिओ कॉल केलात तरी कडेला बसलेल्याला तो निळा-जांभळा दिसणार नाही.

बाबा, तुमच्या सीपीयूच्या मागे डिस्प्लेपोर्ट आहे. गेल्या खेपेला मी पाहून ठेवलंय. एक कोपरा तिरका कापलेलं भोक, तेच. एचडीएमआयही आहे, पण त्या सीपीयूतून एचडीएमआयने फोर-के ३० हर्ट्झवरच चालेल आणि माउस अडखळत फिरेल. दुकानदाराने कितीही सांगितलं तरी केबल डिस्प्लेपोर्टचीच.

आणि मॉनिटरखालच्या त्या दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या काढा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी हे ज्याने सांगितलं त्याचं बरोबर होतं, पण ते साध्या नजरेच्या माणसासाठी. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं बघायचा भाग काचेत खाली असतो, म्हणून उंच पडदा वाचायला तुम्ही हनुवटी वर करून बसता आणि रात्री मानेला बाम चोळता. पडदा खाली घ्यायचा, जरा मागे कलता ठेवायचा. नव्याचा स्टँड वर-खाली होणारा बघूनच घेईन. कित्येक मॉनिटर फक्त मागेपुढे कलतात. टेबलही खिडकीकडे पाठ करून नको. उजेड कडेने आला पाहिजे.

तुमचा जुना भंगारवाल्याला देऊ नका. त्या काळच्या बऱ्याच पडद्यांच्या मागे बारीक ट्यूब असतात आणि त्यांत पारा असतो. माझा आणि तुमचा, दोन्ही मी इथे नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे एकदमच देणार आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा देण्याच्या जागा आता सापडतात.

पैशांचं बोलू नका. दादा आणि मी मिळून घेतोय, त्याचं आमचं ठरलंय. तुम्ही फक्त भिंतीपासून टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंतचं माप घेऊन कळवा. ६५ सेंटिमीटर तरी हवं, नाहीतर एवढा पडदा अगदी तोंडावर येईल. कमी भरलं तर स्टँडऐवजी मॉनिटर धरणारा भिंतीवरचा दांडा बसवू, पण त्यासाठी भोकं पाडावी लागतील आणि ती भिंत मातीची आहे की विटांची, ते बाबांनाच माहीत.

प्रुफं यायच्या आत मी येऊन बसवून देते.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, सॉलिटेअर फोर-केवर पत्ते फार लहान दाखवतं असं वाटलं तर घाबरू नकोस, तेही मोठे करता येतात. आल्यावर दाखवते.