कॅमेरा नुसता सुरू ठेवून असा माहितीपट होत नाही

संपादक महोदय,

निरीक्षणात्मक माहितीपटांवरील आपल्या पुरवणीतील लेखाचा सूर असा आहे की, इथे दिग्दर्शकाला फारसं काम नसतं, समोर घडेल ते टिपायचं. शिकणाऱ्या मुलांची यात दिशाभूल होते.

रॉबर्ट ड्रू यांचा ‘क्रायसिस’ (१९६३) पाहा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या विद्यापीठात व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा न्यायालयाचा आदेश होता आणि त्या राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दारात उभं राहून अडवणार होते. ड्रू यांनी परवानगी दोन्ही बाजूंकडून मिळवली. म्हणून केंद्राचे ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) आणि राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या घरचा नाश्ताही दिसतो आणि वॉलेस यांचं निवासस्थानही. एकाच बाजूचं दार उघडलं असतं, तर तो प्रचारपट झाला असता.

रॉबर्ट केनेडींची चिमुकली मुलगी केरी विद्यापीठाच्या टस्कालूसा शहरात गेलेले त्यांचे उपप्रमुख निकोलस कॅट्झनबाख यांच्याशी फोनवर बोलते, तेव्हा फोनची दोन्ही टोकं दिसतात. दोन शहरांत दोन तुकड्या एकाच वेळी तयार असल्याशिवाय हे कसं जमेल? १६ मिमीचं ४०० फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. नेमक्या निर्णायक वाक्याला ते संपतं, ही नेहमीची अडचण. त्यावर उपाय म्हणजे ध्वनिमुद्रण थांबवायचं नाही आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे आधीच टिपून ठेवायचे. संकलनात तेच उपयोगी पडतात.

११ जूनला कॅट्झनबाख दारापाशी गेले, पण दोन्ही विद्यार्थी गाडीतच थांबले. गव्हर्नरांनी त्यांना तोंडावर हाकलल्याचं दृश्य केंद्र सरकारला घडू द्यायचं नव्हतं. पुढे राष्ट्राध्यक्षांनी राज्याचं नॅशनल गार्ड (राखीव सैन्यदल) केंद्राच्या ताब्यात घेतलं आणि दुपारी त्या दलाचे जनरल ग्रॅहम यांनी सांगितल्यावर वॉलेस बाजूला झाले. दारातला प्रसंग वृत्तचित्रांतही आहे. त्यामागची खल चाललेली खोली मात्र इथेच दिसते. म्हणूनच मला हा माहितीपट मोलाचा वाटतो.

उणीवही तिथेच आहे. ज्यांच्यासाठी हे सारं चाललं, त्या मलोन आणि हूड यांच्या वाट्याला पुढाऱ्यांच्या मानाने फार थोडा वेळ येतो. आणि कॅमेऱ्यासमोर बसलेला पुढारी तो विसरून बोलतो, हे मला पटत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात चित्रीकरण होऊ द्यावं का, यावर तेव्हाही टीका झाली होती.

कार्यशाळांमध्ये हा माहितीपट दाखवताना मुलांना कागदावर दोन रकाने आखायला लावावेत: कोणत्या खोलीत कॅमेरा होता आणि कोणत्या खोलीत नव्हता.

आपला,
एक वाचक, पुणे