बँडचा हिशोब आधी मांडा

महोदय,

रविवार पुरवणीतला स्वतंत्र गिटार बँडवरचा लेख वाचला. ‘अहंकारामुळे बँड फुटतात’ हे वाक्य ऐकून कान किटलेत. ते म्हणणारा बहुतेकदा गायक असतो, नाहीतर गिटारवाला. मी ड्रमर. आमचा चौघांचा बँड जेमतेम दोन-अडीच वर्षं चालला.

लेखात ‘द स्मिथ्स’चा उल्लेख आहे, पण त्यातला खरा मुद्दा राहून गेलाय. मँचेस्टरचा हा बँड १९८२ ते १९८७ एवढाच टिकला. गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार कमाईतले प्रत्येकी ४० टक्के घेत. बास गिटार (खालच्या सुरांची गिटार) वाजवणारा अँडी रुर्क आणि ड्रमर माइक जॉइस यांच्या वाट्याला १०-१० टक्के. गाणी लिहिल्याचे, चाली बांधल्याचे पैसे वेगळे, त्याबद्दल तक्रार नव्हती. वाद होता रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईचा, आणि वाटणीचा लेखी करारच नव्हता. रुर्कने ठरावीक रक्कम घेऊन १० टक्क्यांवर तडजोड केली. जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये जिंकला. ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा सांगतो की वेगळं काही ठरलेलं नसेल तर वाटे समान. जॉइसला २५ टक्के मिळाले, पण तोवर बँड मोडून नऊ वर्षं झाली होती.

आमच्याकडे कमाईच नव्हती, तरी हेच झालं. गिटारवाला तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) घेऊन यायचा, गायकाकडे दोन ओळी असायच्या. मी हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, घट्ट मिटून ठेका अर्ध्या गतीवर आणायचो, बासवाला माझ्या किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, चिकटून चालायचा, आणि त्या कॉर्डचं गाणं व्हायचं. उठताना समोरच्या स्नेअर ड्रमवर स्टिकचा भुसा पडलेला असे. पण रेकॉर्डिंग अपलोड करताना रकाने दोनच: गीतकार आणि संगीतकार. त्यात कोणाची नावं गेली हे सांगायला नको. प्रॅक्टिसच्या खोलीचं भाडं तेवढं चौघांत सारखं! भांडण असं कधी झालंच नाही. आधी बासवाला येईनासा झाला, मग मी.

याउलट अमेरिकेतला चौघांचा बँड ‘आर.ई.एम.’. पहिल्या अल्बमपासून गाण्यांखाली चौघांचीही नावं. ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये स्वतःहून बाहेर पडला, तरी बाकीचे २०११ पर्यंत एकत्र होते. केवळ नावांमुळे टिकले असं मी म्हणणार नाही, पण नव्या पोरांनी पहिलं गाणं बांधण्याआधी अर्धा कागद लिहून चौघांच्या सह्या घ्याव्यात. मैत्रीत हे बरं दिसत नाही म्हणून आम्ही टाळलं होतं.

जाता जाता: लेखासोबतच्या फोटोत माणसं चार, खाली नावं दोन, ‘आणि सहकारी’. पुढच्या वेळी डावीकडून उजवीकडे चारही छापावीत, ही विनंती. मिळत नसतील तर ड्रमरला विचारा. सामान न्यायला गाडी तोच ठरवतो, त्यामुळे सगळ्यांचे नंबर त्याच्याकडे असतात.

— एक माजी ड्रमर