समाजसेविकेची जागा आधी भरा

महोदय,

कालच्या अंकातला टेलिमानसवरचा, म्हणजे मानसिक त्रासासाठी असलेल्या सरकारी फोन हेल्पलाइनवरचा लेख वाचला. 14416 ला फोन केला की समोरचं माणूस नीट बोलतं, मी स्वतः केलाय, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला महिन्याला इंजेक्शन लागतं आणि ते फोनवर देता येत नाही, हे लेखात कुठेच आलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या इथल्या पालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी पूर्वी रोज असायची, आता आठवड्यातून दोनच दिवस. गर्दी एवढी की डॉक्टर आधीचंच रिपीट लिहून देतात, त्या तरी काय करणार. रिस्पेरिडोनच्या गोळ्याही "बाहेरून घ्या". तेही आम्ही चालवून घेतलं. पण तिथे एक समाजसेविका होत्या, त्यांची बदली झाली आणि जागा भरलीच नाही, ते फार महागात पडलं. भाऊ तारखेला आला नाही की त्या फोन करायच्या. तो माझं ऐकत नाही, आईचं तर नाहीच, पण "मॅडम विचारत होत्या" म्हटलं की लगेच चप्पल घालून तयार! त्या गेल्यावर एक इंजेक्शन चुकलं, मग पुढचंही, कोणी विचारलं नाही. ऐन पावसाळ्यात तो रात्र रात्र जागायला लागला, टीव्हीवाले माझ्याबद्दलच बोलतायत म्हणून केबलची वायर कापली, आईला दाराबाहेर पडू देईना. झेरॉक्सच्या दुकानातलं काम गेलं ते गेलंच, मालकाने तरी किती दिवस सांभाळून घ्यायचं.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम 18 जरा छापा. आवश्यक यादीतली औषधं सरकारी दवाखान्यांत कायम मोफत मिळायला हवीत असं त्यात सरळ लिहिलंय. आणि ज्या टेलिमानसचं एवढं कौतुक, त्याचंही बजेट 2023-24 ला 134 कोटी होतं ते पुढच्या वर्षी 90 कोटींवर आणलं. ओपीडी कमी, फोनचे पैसेही कमी, मग पेशंटला घेऊन आम्ही जायचं कुठे? निदान ती समाजसेविकेची जागा तरी भरा, त्याला काही नवीन बिल्डिंग लागत नाही.

अजून एक. त्याच कायद्यात मानसिक आजाराला बाकी आजारांसारखाच मेडिक्लेम द्या म्हटलंय, तरी एजंटने फॉर्मवर आजाराचं नाव वाचलं आणि फॉर्म परत दिला. त्यावर पण लिहा.

– एक बहीण, भांडुप