आबांची वारी

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता बाबा एकदम गप्प झाले, ते माझ्या लक्षात आलं. आबा गेल्यानंतरची ही पहिलीच आषाढी आणि मी घरी नसणार, हे तुम्हाला लागलं. पण वारीच्या आरोग्य पथकात आमच्या रुग्णालयातून चौघींची नावं गेलीत, त्यात माझं आहे. नातेपुत्यापासून वाखरीपर्यंत पालखीबरोबर ड्युटी. रजा मागितली असती तर मिळालीही असती कदाचित. मी मागितली नाही. का, ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

आबा १९६३ साली एसटीत लागले आणि १९९६ साली निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ, रोजचा हरिपाठ, दर एकादशीचा उपास. आणि तरी नोकरीच्या त्या तेहेतीस वर्षांत त्यांची एकही पायी वारी झाली नाही. आषाढी आली की जादा गाड्या सुटायच्या, मग ड्रायव्हरला रजा कुठली? माउलींची पालखी लोणंदहून निघून आपल्या वाटेनं तरडगावला जायची, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण व्हायचं, सगळा गाव तिथे लोटायचा, आणि आबा तेव्हा पंढरपूरच्या फेऱ्या मारत असायचे. एवढ्या वेळा पंढरपूर गाठलं, पण यात्रेत एकदाही बारीत उभे राहिले नाहीत. परतीची गाडी खोळंबायची. कळस दिसेल अशा जागी दोन मिनिटं थांबायचे, हात जोडायचे आणि मागे फिरायचे.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, वाईट नाही का हो वाटलं कधी? ते म्हणाले, "येका गाडीत पन्नास माणूस जातंय. मी चालत गेलो असतो तर मी येकटाच पोचलो असतो." एवढंच बोलले आणि शेंगा सोलत राहिले.

मला त्यांचा डावा हात फार आठवतो. गिअरच्या गोट्यानं तळव्याला पडलेला तो घट्टा, पिवळा आणि गुळगुळीत, निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षं झाली तरी गेला नाही. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचे. पहिल्या फेरीआधी ते स्टेअरिंगला बुक्का लावायचे, मग कपाळाला. त्यांच्या खाकी शर्टाला डिझेलचा आणि बुक्क्याचा मिळून एक वास यायचा. आई, तू तो शर्ट अजून पेटीत ठेवलायस ना? राहू दे. कुणाला देऊ नका.

बाबा, मुक्कामी गाडीची गोष्ट तर तुम्हीच सांगितलेली. डोंगराकडच्या शेवटच्या गावात रात्री गाडी लावायची, गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन फलटणला यायचं. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर आया जेवणाचे डबे घेऊन उभ्या असायच्या, फलटणला शिकणाऱ्या पोरांसाठी. डबे लवंडू नयेत म्हणून आबा ते बॉनेटशेजारी पोत्यावर लावायचे. ज्या पोराचा डबा आला नसेल त्याला स्टँडावर हुडकून स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायचे. हे सांगताना तुमचा आवाज नेहमी बदलायचा. अभिमान असायचा, आणि दुखणंही असायचं. कारण तुम्ही दहावीला होतात तेव्हा तुमच्यासाठी डबा घेऊन येणारं कुणी नव्हतं, हेही तुम्ही एकदा बोलून गेला होतात. दिवाळी, गणपती, यात्रा, सगळ्याला आबा ड्युटीवर. घरी आले की सप्ताहाची पंगत, कुणाच्या मयताची धावपळ, नाहीतर पालखी पुढे गेल्यावर रस्त्यावरच्या पत्रावळ्या गोळा करायला हातात खराटा. गाडगेबाबा पंढरपुरात येऊन वाळवंट झाडायचे, मग आपल्याला दार झाडायला लाज कसली, असं ते म्हणायचे. "सगळ्या गावाला मिळाले, आम्हाला उरले तेवढेच," हे तुमचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आजीनं एकटीनं काय काय ओढलं ते आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण मागच्या वर्षी मी पहिल्यांदा वारीच्या ड्युटीवर गेले आणि माझ्या मनातलं काहीतरी हललं. वेळापूरला रात्री दहा वाजता एक म्हातारे तंबूत आले. तळपायाचे फोड फुटून मोज्याला चिकटले होते. कोमट पाण्यानं भिजवून मोजा सोडवायला मला पंधरा मिनिटं लागली. त्यांनी हूं की चूं केलं नाही, तोंडानं नाम चालूच. पट्टी बांधून झाली तर वाकून माझ्याच पायाला हात लावला, "माउली" म्हणून. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस! त्या रात्री माझा स्वतःचा लेक घरी तापानं फणफणला होता, आणि मी तिथे होते. तेव्हा मला आबा कळले, आणि बाबा, त्याच रात्री तुम्हीही कळलात.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "गरम पाण्याची सोय व्हती का? बायामान्सांला आडोसा?" नव्हता म्हटल्यावर म्हणाले, "मग म्होरल्या वर्सी आधी त्ये बघ." यंदा मी आडोशाचे पडदे आधीच मागून घेतलेत.

निवृत्तीनंतर १९९७ पासून २०१९ पर्यंत ते चालले, ते तुम्ही पाहिलंच आहे. पण मला २०२० चा तो दिवस विसरता येत नाही. ३० जून, दशमी. करोनामुळे पायी वारी बंद, आणि माउलींच्या पादुका आळंदीहून फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला निघालेल्या. मी कोविड वॉर्डाची ड्युटी संपवून लॉजवर एकटी विलगीकरणात होते. आईनं व्हिडिओ कॉल लावून फोन आबांच्या समोर धरला होता. ब्याऐंशी वर्षांचे आबा टीव्हीपुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले. टीव्हीवर गाडी वळणाला आली की त्यांचा डावा हात मांडीवरून आपोआप उचलला जायचा. डोळ्यांतून धारा लागलेल्या. "माउली एसटीनं चालली गं," म्हणाले. आणि मग बराच वेळानं, "ड्रायव्हर जपून नेतोय." बाबा, तुम्ही मागे उभे होतात आणि तुमचा हात त्यांच्या खांद्यावर होता. ते मला फोनमध्ये दिसलं. तुम्हाला कधी बोलले नाही.

तर यंदा पालखी येईल तेव्हा आबांचा पाण्याचा रांजण नेहमीच्या जागी, लिंबाच्या सावलीत ठेवा. गुडघा दुखतोय तर तुम्ही वाकू नका, पाणी भरायला शेजारच्या पोरांना सांगा. खराटा गोठ्याच्या मागे आहे. रक्तदाबाची गोळी उपास असला तरी घ्यायची, दोघांनीही.

आणि आई, वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करशील तेव्हा माझा एक डबा फलटण स्टँडवर पंढरपूरच्या गाडीत दे. वाहतूक वळवलेली असते, पण नातेपुत्याला मी घेईन. ड्रायव्हरला आबांचं नाव सांग, नाही सांगितलंस तरी आणतील. डब्यावर पेनानं नाव लिहू नकोस, कापडाच्या पट्टीवर लिहून कडीला बांध. पेनाचं नाव तेलानं जातं, असं आबा म्हणायचे.

तुमची,
माई