कृष्णशिष्टाई आणि बगदादचे चार महिने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या भागात कृष्णशिष्टाईचे कीर्तन झाले. आरतीनंतर एका ज्येष्ठ गृहस्थांनी मत मांडले, की धर्माच्या माणसांनी आजच्या युद्धांविषयी बोलू नये, त्यांना त्यातले कळत नाही. हे मत मला मुळीच मान्य नाही.

अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर केलेल्या हल्ल्याचे उदाहरण घ्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ८ नोव्हेंबर २००२ रोजी इराकला निःशस्त्रीकरणाची अखेरची संधी देणारा ठराव १४४१ एकमताने संमत केला आणि त्याच महिनाअखेर हान्स ब्लिक्स यांच्या शस्त्रनिरीक्षकांनी चार वर्षांच्या खंडानंतर तेथे पुन्हा तपासणी सुरू केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारीत राजदूतांसमोर युद्धाला मानवजातीचा पराभव म्हटले आणि तेवढ्यावर न थांबता फेब्रुवारीत कार्डिनल एचेगराय यांना बगदादला, तर मार्चमध्ये कार्डिनल लागी यांना थेट राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे पाठवले. बुश ज्या मेथडिस्ट पंथाचे, त्याच्या बिशपांनीही युद्धाला विरोध केला होता.

हा भाबडेपणा नव्हता. इराकमधीलच हलबजा या कुर्दी गावात १९८८ मध्ये विषारी वायू सोडणाऱ्या सद्दाम हुसेन यांच्यावर विश्वास ठेवा, असे यांपैकी कोणी म्हणत नव्हते. तपासणी पूर्ण होऊ द्या, एवढेच म्हणणे होते. आणि तपासणीला फळ येत होते. १५० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी सुमारे ७० अल-समूद क्षेपणास्त्रे निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट झाली. इराकचे सहकार्य अपुरे असल्याची तक्रार जानेवारीत उघडपणे करणाऱ्या ब्लिक्स यांनीच ७ मार्चला सांगितले, की उरलेल्या कामाला वर्षे लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, काही महिने लागतील. ते महिने मिळाले नाहीत. १८ मार्चला निरीक्षकांना देश सोडावा लागला आणि २० मार्चला हल्ला झाला. महासंहारक शस्त्रांच्या ज्या साठ्यांसाठी हे युद्ध झाले, ते अस्तित्वात नव्हते, हे २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने नमूद केले.

शिष्टाई करूनही युद्ध टळले नाहीच, असे त्या गृहस्थांचे म्हणणे होते. परंतु महाभारतात दुर्योधनाने पाच गावेही नाकारली होती. बगदादमध्ये दारे, उशिरा आणि नाखुशीने का होईना, उघडली होती. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. महूची छावणी जवळ असल्यामुळे सैनिकांच्या घरांशी आम्हा इंदूरकरांचा नित्य संबंध येतो, तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. हे आख्यान लावणाऱ्या कीर्तनकारांनी उत्तररंगात बगदादचे ते चार महिनेही श्रोत्यांना सांगावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर