वरचा भाग माझा, खालचा तुझा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि सगळ्यात आधी ‘टॉक’ बसवलं, आपला तो टाइप करत गप्पा मारायचा जुना प्रोग्राम. दोन खिडक्यांत दोन खाती उघडून स्वतःलाच हाक मारली. टिंग वाजलं, जोडणी मागितल्याची ओळ चालू कामाच्या मधोमध येऊन पडली. उत्तर दिलं आणि पडद्याचे दोन भाग करणारी ती आडवी तुटक रेघ उमटली. वर मी, खाली कुणीच नाही. तेव्हाच ठरवलं, तुला पत्र लिहायचं.

आपल्या लॅबमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं एकच मशीन होतं आणि खालच्या-वरच्या मजल्यांवरचे सगळे टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, त्यालाच जोडलेले. ‘हू’ टाइप केलं की कोण बसलंय ते कळायचं. सुरुवातीला आपण निरोप पाठवायला ‘राइट’ ही आज्ञा वापरायचो. एंटर दाबल्यावर अख्खी ओळ जायची, आणि दोघं एकदम लिहायला लागलो की ओळीत ओळ घुसायची. म्हणून वाक्य संपलं की ‘ओ’ लिहायचं, गप्पा संपल्या की ‘ओओ’. मग तुला टॉक सापडलं. ते 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीतलं, हे मला खूप नंतर समजलं. त्याच्याही आधी, 1973 मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावरून शिकवायच्या यंत्रणेवर टॉकोमॅटिक नावाचा गप्पांचा प्रोग्राम होता. तिथे एका वेळी पाच जण बोलायचे, आणि प्रत्येकाचं लिहिणं उमटतानाच बाकीच्यांना दिसायचं.

टॉकमध्येही तसंच. अक्षर दाबलं की गेलं, खोडलं की समोरही खोडलं गेलं. तुझा टायपिंगचा वेग, अडखळणं, शब्द बदलणं, सगळं मला दिसायचं. आता फोनवर ‘टायपिंग’ एवढंच येतं आणि मग घासूनपुसून तयार झालेलं वाक्य. मला ते अपुरं वाटतं.

सबमिशनच्या आठवड्यातली ती संध्याकाळ विसरलो नाही. तू वरच्या मजल्यावर होतास. जेवायला कधी निघायचं, असं मी विचारलं. रोमन अक्षरांत तू ‘आईला’ एवढंच लिहिलंस आणि थांबलास. बराच वेळ. मग एकेक अक्षर मागे गेलं आणि त्या जागी आलं, ‘नको, तू जा’. ओळ म्हणून आली असती तर मी खरंच जेवायला गेलो असतो. पण ते खोडलेलं मी पाहिलं होतं. जिना चढून आलो तेव्हा तू पडद्याकडे बघत बसला होतास, घरून आलेला निरोप खिशात. रात्रीची एसटी आपण दोघांनी पकडली. काकूंना तिसऱ्या दिवशी शुद्ध आली.

इतक्या वर्षांत यावर आपण कधी बोललो नाही. म्हणून हे लिहितोय.

आता कामाचं. मी भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतलाय आणि त्यावर तुझं खातं काढलंय. टॉकचं बोलणं नेटवर उघडं जातं, म्हणून दोघांनीही एसएसएचने, म्हणजे कुणाला वाचता न येणाऱ्या जोडणीने, त्याच मशीनवर यायचं आणि तिथल्या तिथे बोलायचं. देवनागरीत अक्षरं तुटतील अशी भीती आहे, तेव्हा पूर्वीसारखं रोमनमध्येच. पडदा विस्कटला तर कंट्रोल-एल दाबायचं, तो पुन्हा नीट उमटतो. शनिवारी रात्री 9 वाजता मी तुला हाक मारेन. उत्तर येईपर्यंत ते वाजत राहील, तुला माहीत आहे.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा मित्र