मला हळू पळायला शिकवणाऱ्या ताईंना

ताईंना सप्रेम नमस्कार,

सलग अर्धा तास पळता येऊ लागलं आहे, तेही धाप न लागता. ही बातमी तुम्हाला कधीच कळली आहे. पण तोंडी आभार मानले की "पाय तुझेच होते" म्हणून तुम्ही ते परतवून लावता. म्हणून लिहून काढते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही मला जे सांगितलंत ते व्यायामाला नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

दमसास वाढवायचा तर रोज जीव मेटाकुटीला येईपर्यंत पळायचं, असंच आजूबाजूला ऐकू येतं. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, "पळता पळता माझ्याशी बोलत राहा." अख्खं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटायला लागला की लगेच चालायचं. आणि गाणंही म्हणता येत असेल, तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, अशी सुरुवात झाली. ते एक मिनिट इतकं सावकाश होतं की शेजारून भरभर चालणारी माणसं पुढे निघून जायची. तुम्ही मात्र माझ्याच चालीने माझ्यासोबत राहिलात. स्वतःचा सराव बाजूला ठेवून दुसऱ्याच्या वेगाने पळणं किती अवघड असतं, हे मला आता कळतं.

नाडी मोजणारं घड्याळ घ्यावं का, असं मी विचारलं होतं. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात हे काढायला 220 मधून वय वजा करायचं, हे गणित सरासरीचं आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, असं तुम्ही समजावलंत. मग गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची मोजपट्टी सांगितलीत. आपल्याला किती श्रम होताहेत ते आपणच 6 ते 20 या आकड्यांत सांगायचं. 6 म्हणजे स्वस्थ बसल्यासारखं, 20 म्हणजे याउपर शक्यच नाही. मला तुम्ही 11 ते 13 मध्ये राहायला सांगितलंत. अधूनमधून "आता किती?" असं विचारत राहायचात, आणि त्यातून स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायची सवय लागली.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते पहिल्या काही मिनिटांबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याचं. पळायला लागलं की स्नायूंची प्राणवायूची मागणी त्या क्षणी वाढते. हृदय, फुप्फुसं आणि खुद्द स्नायूंमधली यंत्रणा मात्र त्या मागणीला गाठायला दोन-तीन मिनिटं घेते. मधल्या वेळात स्नायू प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेवर काम भागवतात, म्हणून सुरुवातीलाच छाती भरून येते. कितीतरी जण "आपल्याला हे जमणारच नाही" असं ठरवून इथेच परत फिरत असतील. आधी पाच-दहा मिनिटं चालून घेतलं की हा खड्डा बराच उथळ होतो. हे कळल्यापासून सुरुवातीच्या दमाची भीती वाटेनाशी झाली.

पुढे अंगात उत्साह आला आणि मी रोज थोडं जास्त पळू म्हणाले, तेव्हा तुम्ही ठाम नकार दिलात. कारणही नीट सांगितलंत. सराव सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून बरं वाटतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट व्हायला आणि ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढायला त्याहून जास्त दिवस लागतात. (हा मायटोकाँड्रियाचा बदल जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत दाखवला होता.) आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) व हाडं सगळ्यांच्या मागून येतात. दम पुरतो आहे म्हणून जास्त पळलं की नडगी आणि टाच बोलायला लागतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आधी वेळ, वेग सगळ्यात शेवटी. मधले दिवस नुसतं झपझप चालायचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात हे चालणंही धरलं जातं, हे तुमच्याकडून ऐकून केवढा दिलासा मिळाला होता!

न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याबद्दलही तुम्हीच सांगितलंत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं. शर्यत जेमतेम पावणेदोन मिनिटांची, पण तयारी आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर पळण्याची. त्याच लिडियार्ड यांनी नंतर ऑकलंडमध्ये हृदयविकाराचे रुग्ण आणि मध्यमवयीन माणसं यांनाही हळूहळू पळायला लावलं. विश्वविजेता आणि रुग्ण, दोघांचा पाया एकाच पद्धतीने घातला जातो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सुरुवात करण्याआधी तुम्ही मला डॉक्टरांकडे पाठवलंत. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं, अंगात ताप असताना पळायचं नाही, हे बजावलंत. आजारपणानंतर एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरू करायला लावलंत आणि त्यात कमीपणा वाटू दिला नाहीत. या सगळ्यासाठी मनापासून आभार.

आता चढावर पळायला सुरुवात करायची आहे. श्वास नेहमीसारखाच ठेवायचा आणि वेग कमी होईल तेवढा होऊ द्यायचा, असं मी धरून चालले आहे. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून उतार पहिले काही आठवडे चालतच उतरणार आहे. यात काही बदलायला हवं असेल तर नक्की सांगा.

तुमची कृतज्ञ,
मैदानावरची धाकटी सोबतीण